तूप गोठतं, मग करडईचं तेल का नाही? घरी करून बघा

‘खोलीच्या तापमानाला घट्ट ते संपृक्त, पातळ ते असंपृक्त’ हा नियम पाठ करायला सोपा आहे. पण वैशाखात सोलापूरचा पारा 42-43 वर गेला की बरणीतलं तूपही पाण्यासारखं होतं. म्हणून हा फरक बघायचा तर फ्रिज लागतो.

चार छोट्या काचेच्या वाट्या घ्या. एकीत तूप, दुसरीत खोबरेल, तिसरीत शेंगतेल, चौथीत करडईचं तेल, प्रत्येकी दोन चमचे. शेंगतेल आणि करडई घाण्यावरची, भेसळ नसलेली हवीत; मिश्र तेलाने गोंधळ होईल. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीजरमध्ये नको, तिथे सगळीच थिजतील.

सकाळी वाट्या तिरप्या करून बघा. खोबरेल दगड झालेलं, तूप घट्ट, शेंगतेल गढूळ आणि दाट. आणि ज्वारीच्या रानाला काटेरी कुंपण म्हणून कडेने पेरतात त्या करडईचं तेल? ते बहुधा तसंच वाहतं.

आता कारण. त्यासाठी खराट्याच्या वीस-पंचवीस काड्या लागतील. सरळ काड्यांची मोळी बांधा, घट्ट बसते. मग प्रत्येक काडी मध्यावर जराशी मोडून वाकवा आणि पुन्हा बांधून बघा. मोळी फुगते, फटी राहतात.

तेला-तुपात कार्बनच्या लांब साखळ्या असतात, त्यांना मेदाम्ल म्हणतात. मेदाम्लाची साखळी म्हणजे ही काडी. कार्बनला चार हात. साखळीतल्या कार्बनचे दोन हात शेजाऱ्यांना, उरलेले दोन हायड्रोजनला. सगळे हात असे भरलेले असले की साखळी संपृक्त, सरळ. पण शेजारच्या दोन कार्बनांचा एकेक हायड्रोजन कमी असेल, तर ते मोकळा हात एकमेकांनाच देतात. हा दुहेरी बंध, आणि अशी साखळी असंपृक्त. नैसर्गिक तेलात बहुतेक वेळा तिथेच साखळी वाकते. मग वाकलेल्या काड्यांसारख्या या साखळ्या घट्ट बसत नाहीत, म्हणून तेल गोठायला जास्त थंडी लागते.

18 कार्बनांचं स्टिअरिक आम्ल, दुहेरी बंध शून्य: वितळतं 69 अंशांना. तितक्याच कार्बनांचं ओलेइक, एक बंध: सुमारे 13. लिनोलेइक, दोन बंध: उणे 5. नेहमीच्या करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश मेदाम्ल हेच लिनोलेइक असतं. खोबरेलाची गंमत वेगळी. ते जवळजवळ 90 टक्के संपृक्त, पण त्याच्या साखळ्या आखूड, म्हणून 24-25 अंशांनाच वितळतं.

प्रयोगशाळेत दुहेरी बंधांचा अंदाज आयोडीनने घेतात, कारण ते या बंधांनाच चिकटतं. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं ते मोजायचं: खोबरेल 10च्या आसपास, करडई 140च्या.

वनस्पती तूप म्हणजे निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन भरून घट्ट केलेलं तेल. ही भरती अर्धवट राहिली तर काही बंध उरतात, पण त्यांतल्या काहींची साखळी वाकायची ती सरळ होते. हेच ट्रान्स फॅट. 2022पासून भारतात खाद्यतेलात आणि वनस्पती तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे.

दुहेरी बंधांना प्राणवायू लवकर चिकटतो, म्हणून शेंगाचटणी खवट होते. उन्हाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर कोरडी, गोळा झालेली दिसली तर टाकू नका. तिसऱ्या वाटीत झालं तेच तिच्यात झालंय. अर्ध्या तासात तेल सुटेल.