जिप्सीचं ऑइल: गिअरबॉक्सला एक, डिफरेन्शिअलला दुसरं

मारुती जिप्सीच्या पोटाखाली गिअर ऑइल चार ठिकाणी असतं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी), पुढचं डिफरेन्शिअल आणि मागचं डिफरेन्शिअल (वळताना डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच). दुकानात नुसतं 'गिअर ऑइल द्या' म्हटलं की पाच लिटरचा एकच कॅन पुढे येतो आणि चारही ठिकाणी तेच ओतलं जातं. गाडी चालते, त्यामुळे कुणी तक्रार करत नाही. पुढे दुसरा-तिसरा गिअर टाकताना करकर सुरू झाली की खापर क्लचवर फुटतं.

कॅनवर आधी बघायचं ते जीएल-४ की जीएल-५, म्हणजे तेलाचा प्रकार. डिफरेन्शिअलमध्ये पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर) क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, जोरात घासत सरकतात. त्या दाबाखाली तेलाचा थर तुटतो. तिथे पोलाद वाचवायला गंधक-फॉस्फरसची रसायनं लागतात आणि ती जीएल-५ मध्ये भरपूर असतात. गिअरबॉक्सचं उलटं आहे. तिथल्या सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी असतात आणि त्यांना थोडं घर्षण हवंच असतं. रिंगने गिअरच्या शंकूला घट्ट धरून दोन्हीचा वेग जुळवला की मग गिअर पडतो. जीएल-५ मध्ये रिंग निसटते, वेग जुळत नाही, दात दातावर आपटतात. शिवाय जुन्या पद्धतीच्या जीएल-५ मधलं गंधक गरम झालं की पितळ खातं. आताच्या चांगल्या तेलांत हे खाणं बरंच कमी झालं आहे, निसटणं मात्र राहतंच. म्हणून गिअरबॉक्सला जीएल-४, दोन्ही डिफरेन्शिअलला जीएल-५. 'जीएल-४/जीएल-५' असं दोन्ही छापलेला कॅन बहुतेक वेळा मुळात जीएल-५ च असतो. तो डिफरेन्शिअलला चालेल, गिअरबॉक्ससाठी घेऊ नका.

जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मागे छोट्या शाफ्टने जोडलेली आणि पूर्ण गिअरवाली आहे. तिला गिअरबॉक्सचंच जीएल-४ द्या. हा नियम दुसऱ्या गाडीला आंधळेपणाने लावू नका. आत चेन असलेल्या कित्येक ट्रान्सफर केसना गिअर ऑइल नव्हे, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) लागतं. तिथे नव्वद नंबरचं जाड तेल ओतलं तर ते चेनच्या सांध्यांत आणि आतल्या छोट्या पंपात नीट फिरत नाही. क्लचवालं लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल (एकच चाक घसरत फिरू न देणारं) असेल, तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण सौम्य करणारं रसायनही लागतं. ते नसेल तर वळणावर मागून थरथर येते.

जाडीचं फार अवघड नाही. महाराष्ट्रातल्या हवेला चारही ठिकाणी ८०डब्ल्यू-९० पुरतं, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. हिवाळ्यात लडाख-स्पितीला जायचं असेल तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये ७५डब्ल्यू-९० घाला, सकाळी गिअर दगडासारखा लागणार नाही. ९० हा आकडा बघून हे इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड असेल असं समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. त्यातलं ९० म्हणजे जाडीने साधारण ४०-५० नंबरचं इंजिन ऑइल.

किती घ्यायचं? गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरेन्शिअलला २, मागच्याला १.५. म्हणजे जीएल-४ सव्वादोन लिटर आणि जीएल-५ पावणेचार लिटर धरा, थोडं सांडतंच. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात आकडा वेगळा असेल तर पुस्तकाचं ऐका.

गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट करा आणि सपाट जागेवर उभी करा. तिरक्या गाडीत पातळी खोटी दिसते. आधी भरायचा प्लग सैल करून बघा, निचऱ्याचा नंतर. तेल काढून टाकल्यावर वरचा प्लग जाम निघाला तर गाडी जागची हलवता येत नाही. प्लगला हात लावण्याआधी भोवतालची माती तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर तीच आत जाते.

निघालेलं तेल ओतून देण्याआधी बघा. निचऱ्याच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असेल तर नेहमीची झीज आहे. नखाने उचलता येईल असा पोलादी तुकडा मिळाला तर नवीन तेल घालून काही साधणार नाही, खोलावंच लागेल. गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चकाकी दिसली तर ते सिंक्रो रिंगचं पितळ. आणि तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते. ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याचं छोटं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर पाणी ऑइल सीलमधून ओढलं जातं. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. स्वस्त जीएल-५ घालून दहा-वीस किलोमीटर फिरवा, काढा, मग चांगलं भरा. ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं टोक बॉनेटखाली उंच बांधलं तर पुन्हा ही वेळ सहसा येत नाही.

भरताना पिचकारी किंवा हातपंप वापरा आणि तेल भोकाच्या खालच्या काठाशी येऊन ओघळू लागलं की थांबा. पाच मिनिटांनी पुन्हा बघा, पातळी उतरलेली असते. 'थोडं जास्त असू दे' म्हणून गाडी एका बाजूने उचलून जादा भरू नका. ते तेल फेसाळतं, सील फोडतं आणि मागच्या अ‍ॅक्सलमधून थेट ब्रेक शूवर उतरतं.

पुढच्या अ‍ॅक्सलचं काम असेल तेव्हा चाकाजवळच्या नकलकडेही (स्टिअरिंगने चाक वळतं त्या गोल सांध्याकडे) नजर टाका. तिथे गिअर ऑइल नसतं, ग्रीस असतं. ते पातळ होऊन नकलच्या गोळ्यावरून बाहेर ओघळत असेल, तर आतलं अ‍ॅक्सल सील गेलंय आणि डिफरेन्शिअलचं तेल नकलमध्ये येतंय. सील बदलेपर्यंत पुढची पातळी कितीही भरली तरी उतरत राहील.

साध्या वापराला चाळीस हजार किलोमीटर ठीक. ताडोब्यात रोज सफारीला जाणाऱ्या किंवा कोकणात पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीला वीस हजार. पाण्यात चाकाच्या मध्याच्या वर गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, चालू करण्याआधी, निचऱ्याचा प्लग जरा सैल करून तपासा. पाणी जड असतं, रात्रभरात तळाशी बसतं आणि तेलाच्या आधी तेच बाहेर येतं.