मिशन ट्रिप संपली, सोमवारी फर्स्ट शिफ्ट आहे, आता काय करायचं?

मे महिन्यात आपल्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, तरुण संघाची टीम पेठ, सुरगाणा, नाहीतर थेट डांग-नंदुरबारकडे जाते, व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) घेते, मेडिकल कॅम्पमध्ये मदत करते, घरोघरी प्रार्थना करते. जायच्या आधी ट्रेनिंग असतं, बॅगेत काय भरायचं त्याची लिस्टसुद्धा व्हॉट्सअपवर येते, पण परत आल्यावर काय करायचं ते कुणीच सांगत नाही. नाशिकला सीबीएस स्टँडवर उतरायचं, रिक्षा पकडायची आणि सोमवारी सातपूरच्या कंपनीत ड्युटी. मग चिडचिड सुरू होते, झोप लागत नाही, उपासनेत बसूनही मन तिकडेच. बऱ्याच जणांचं असं होतं, विश्वास कमी झाला वगैरे काही नाही. तर क्रमाने सांगते.

१. आधी जेवा आणि झोपा

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचं आठवा, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि पाठोपाठ हा माणूस झुडपाखाली बसून मरण मागतोय, आणि देवदूत त्याला प्रवचन देत नाही, भाकर-पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खायला लावतो. त्यामुळे टीम लीडरांनो, रविवारी रात्री अकराला पोरांना आणून सोडू नका, शुक्रवारी परत या.

ताप आला तर अंगावर काढू नका. मलेरियाचा ताप डास चावल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, कधी त्याहून उशिराही, तोवर आपण ट्रिप विसरलेलो असतो, म्हणून डॉक्टरांना कुठे जाऊन आलो ते स्वतःहून सांगा. आणि उदासपणा दोन-तीन आठवडे हटतच नसेल तर फक्त प्रार्थनेवर ढकलू नका, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

२. घरच्यांना भाषण देऊ नका

खरी गाडी इथेच अडकते. तिकडे बायका उन्हात हंडा घेऊन विहिरीवर ताटकळताना बघितलेल्या असतात आणि इथे आई पाइपने अंगण धुतेय, झालं, सुरू. रविवारी सगळे मिसळ खायला निघाले की हा तोंड पाडून बसणार, एवढ्या पैशात तिकडे किती जणांचं जेवण होतं त्याचा हिशोब मांडणार, भावाने नवीन मोबाईल घेतला की त्यावर टोमणा. अरे, त्याच आईने तुझ्या ट्रिपचे पैसे भरलेत! ती विहीर तिने बघितली नाही, तू बघितलीस, तर बादली तुझी कमी कर, तिची मोजत बसू नको. आणि काय बदल करतोयस ते जाहीरही करू नको, दिसायचं ते दिसतंच.

पहिला आठवडा तर सांगण्यापेक्षा विचारा. तुम्ही नव्हता तेव्हा आजीचं बीपी वाढलं होतं, सिलेंडर संपला होता, बाबांनी एकट्याने सगळं निभावलं, त्याची साक्ष, म्हणजे देवाने काय केलं ते सर्वांपुढे सांगणं, चर्चमध्ये कुणी ठेवत नाही. मन मोकळं करायचंच असेल तर टीममधल्यांना भेटा, एखाद्या संध्याकाळी चहाला बसा, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

३. साक्ष छोटी ठेवा

पाळकसाहेब रविवारी बोलायला सांगतील. तीन मिनिटं, एक माणूस, एक प्रसंग, बस. तिकडचे लोक किती गरीब, किती अडाणी असलं काही नको. मी पोरांना एकच कसोटी सांगते, त्या पाड्यावरची मावशी इथे पहिल्या बाकावर बसली असती तर हे असंच बोलला असता का? कुणाचा आजार, कुणाच्या घरातलं भांडण स्टेजवरून सांगायचं नाही, आणि लहान मुलांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय स्टेटसला टाकायचे नाहीत.

टाळ्या पंधरा दिवस टिकतात, हे धरून चाला. आपल्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकलेला आफ्रिकन तरुण जेकब वेनराइट, मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचा देह घेऊन थेट इंग्लंडपर्यंत गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटी धरणाऱ्यांत होता. पुढे आफ्रिकेत परतला आणि १८९२ मध्ये तिथेच गेला. आज शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना त्याचं नाव माहीत आहे?

बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये १४ मध्ये पौल आणि बर्णबा आपल्या मिशन फेरीवरून अंत्युखियाला परत येऊन मंडळीला सगळं सांगतात, ते आपण वाचतो, पण नंतर ते तिथेच शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले हे मात्र सगळे विसरतात.

४. हिशोब

बिलं, उरलेली औषधं, चटया, सगळं त्याच आठवड्यात खजिनदाराकडे. यावर जास्त काय बोलायचं.

५. फोन नंबर आणि शब्द

तिकडची पोरं मेसेज करतात, दादा परत कधी येणार. नक्की नसेल तर येईन असं म्हणूच नका. कुणी पैसे मागितले तर परस्पर गुगल पे करायचं नाही, तिथल्या पाळकांशी बोलून त्यांच्यामार्फतच, नाहीतर एकाला मिळाले दुसऱ्याला नाही म्हणून गावात भांडण लागतं आणि निस्तरायला तुम्ही तिथे नसता.

६. तीच माणसं इथे शोधा

पेठ-सुरगाण्याची ही माणसं आपल्याच शेजारी येतात, आपल्याला दिसत नाहीत एवढंच. द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, निफाडच्या बागांमध्ये, गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात, इकडे पेठ रोडला. बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेली कुटुंबं, त्यांच्या पोरांची शाळा मध्येच सुटलेली. तिकडे व्हीबीएस घेतली ना, मग शनिवारी दोन तास इथे अभ्यास घ्या, आधार कार्डाचं, दवाखान्याचं काम असेल तर बरोबर जा. एकट्याने सुरू करू नका, दोघं-तिघं मिळून करा, आणि जमेल तेवढंच ठरवा.

७. पुढच्या ट्रिपची तारीख तिथल्यांना विचारून

आपल्या सुट्टीवरून तारीख ठरवायची नाही. पावसाळ्यात भात-नागलीची लावणी असते, घरातलं प्रत्येक माणूस शेतात, तेव्हा वीस जणांची टीम जाऊन बसली तर त्यांना आपलं जेवण रांधत बसावं लागतं. हंगामाला अर्धं गाव बागांमध्ये कामाला गेलेलं असतं. फोन करायचा, विचारायचं, आणि यंदा नका येऊ म्हणाले तर नाही जायचं.