ब्रेकमधली हवा घरीच काढायची असेल तर आधी पेडलवर बसणारा माणूस नीट निवडा

ताम्हिणी उतरताना माणगावच्या अलीकडे माझ्या जुन्या वॅगन-आरचं पेडल एकदम मऊ पडलं, दाबलं की खाली जातंय आणि गाडी काही धरत नाहीये. चूक माझीच, घाटभर ब्रेकवर पाय ठेवून आलो होतो आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवतही नव्हतं. अर्धा तास बाजूला थांबलो तर पेडल परत आलं. होतं काय, की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट ३ प्रकारचं ऑइल किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी धरलं की तो आकडा १४० पर्यंत येऊ शकतो, मग घाटात ते उकळून वाफ होते आणि आपला पाय ऑइल न दाबता वाफच दाबत बसतो. लाइनमध्ये हवा शिरली तरी पेडल तसंच स्पंजसारखं लागतं, फक्त ते थांबून सुधारत नाही.

तर सामान. सीलबंद ब्रेक ऑइल अर्धा लिटर, डॉट ३ की ४ ते गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावरच लिहिलेलं असतं (डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही). फिश टँकची पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली, निपलच्या (चाकामागचा, हवा काढायचा स्क्रू) मापाचा रिंग पान्हा, बहुतेक ८ किंवा १० चा लागतो. फिक्स पान्ह्याने निपलचे कोपरे गोल होतात आणि मग रडायची पाळी येते. निपल गंजलेला असेल तर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा, आणि तरीही हलत नसेल तर जोर लावू नका, आतून पोकळ असतो, तुटतो.

सपाट जागा, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना दोन्हीकडून दगड, आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर अजिबातच नाही. इंजिन बंद. मास्टर सिलेंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) लांबचं चाक आधी, म्हणजे आपल्याकडे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच धरा.

आता पेडलवरचा माणूस. मी पहिल्यांदा भाच्याला बसवलं, त्याच्या एका हातात मोबाइल. निपल उघडा असतानाच याने पाय उचलला आणि इतका वेळ काढलेली हवा नळीतून सुर्रकन परत आत. त्यामुळे तीनच शब्द ठरवा आणि प्रत्येक शब्द त्याने मोठ्याने परत म्हणायचा. बाटलीत थोडं नवं ऑइल घेऊन नळीचं टोक त्यात बुडवलेलं, दुसरं टोक निपलवर. "मार" म्हटलं की चार-पाच वेळा सावकाश पंप. "धर" म्हटलं की दाबून ठेवायचं. मग तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा सोडायचा, पेडल खाली जाईल, जाऊ दे, पाय उचलायचा नाही. निपल आवळला की मगच "सोड".

पेडल पार तळाला टेकू नये म्हणून खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत सिलेंडरचा तो खालचा भाग कधी वापरलेला नसतो, तिथे गंज-कचरा असतो, त्यावर रबर घासलं की वेगळंच काम निघतं.

नळीकडे बघत रहा. आधी कोऱ्या चहासारखं काळपट येतं, मध्ये मध्ये बारीक बुडबुड्यांची माळ, मग हळूहळू मधासारखं पिवळं. बुडबुडे थांबून रंग साफ झाला की पुढचं चाक. दर पाच-सहा वेळा दाबून झाल्यावर वरचा डबा बघायचाच, मिनिममच्या खाली गेला की वरून हवा आत आणि पहिल्यापासून सुरू. बाटलीतलं काढलेलं ऑइल परत डब्यात ओतायचं नाही, कितीही साफ दिसलं तरी. पेंटवर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारा, रंग उचलतं ते.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) गाडीत डबा पूर्ण रिकामा होऊन हवा त्या युनिटमध्ये गेली असेल तर घरी करायचा नाद सोडून द्या, तिथे स्कॅनर लागतो.

चारही झाल्यावर प्रत्येक निपल कोरडा पुसून एकाने पेडल जोरात दाबायचं आणि दुसऱ्याने बॅटरी मारून बघायचं, कुठे ओल दिसते का. मग गल्लीतच पाच-दहाच्या स्पीडने ब्रेक मारून बघा, हँडब्रेकवर हात ठेवून. पेडल कडक लागतंय पण पाय दाबून ठेवला की हळूहळू खाली सरकतंय, आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं असेल तर बहुतेक मास्टर सिलेंडरची आतली रबरं गेलीत, मग कितीही हवा काढा उपयोग नाही, गाडी तिथेच उभी ठेवून मेकॅनिकला घरी बोलवा.