मिठाच्या रस्त्यावरून बाइक नेताना

जानेवारीत शिकागोहून डॅलसला बाइक उघड्या ट्रेलरवर न्यायची होती. इलिनॉय-मिसुरीत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकांमागून उडणारा तो करडा चिखल थेट स्पोक्स, चेन आणि फोर्कवर बसतो. कव्हर मुद्दाम घातलं नाही. वाऱ्याने फडफडून ते रंग घासतं, शिवाय खारं पाणी आत कोंडतं. त्याऐवजी बाइक धुऊन खडखडीत वाळवली आणि नटबोल्ट, वायरिंगचे कनेक्टर, इंजिनच्या फिन्स यांवर एसीएफ-५० या गंजरोधक तेलाच्या स्प्रेचा पातळ थर मारला. फवारताना ब्रेकच्या डिस्क झाकल्या. तिथे तेलाचा थेंबही नको! सायलेन्सरचं तोंड पिशवीने बांधलं.

पोचल्याबरोबर गार पाण्याच्या साध्या धारेने खालून धुतली. प्रेशर वॉशर नकोच, त्याने मीठ बेअरिंगमध्ये घुसतं. गंज कुठेच नाही. साइड स्टँडच्या स्प्रिंगमागे पांढरी पूड अडकली होती, ती जुन्या टूथब्रशने निघाली. मग चेनला नवं तेल दिलं.