मॉर्मन इतिहास अभ्यासायचा तर कागदाचं साल आणि हात आधी तपासा

मॉर्मन इतिहासाची साधनं कमी नाहीत, उलट जरा जास्तच आहेत. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथनं मॉर्मन चर्चची (आजचं 'लॅटर-डे सेंट्स', म्हणजे 'एलडीएस' चर्च) स्थापना केली आणि त्याच दिवशीच्या प्रकटीकरणात, म्हणजे अनुयायांच्या मते स्मिथला मिळालेल्या देवाच्या संदेशात, नोंदी ठेवण्याची आज्ञा आहे. ती अनुयायांनी मनावर घेतली. पत्रं, रोजनिश्या, सभांची इतिवृत्तं, वर्तमानपत्रं, सगळं ढिगानं सापडतं. त्यामुळे प्रश्न उरतो तो निवडीचा. नवा वाचक बहुधा 'लेखक चर्चचा की विरोधक' एवढंच पाहून निवड करतो, पण ही चाळणी फार मोठ्या भोकांची आहे. मजकूर घटनेनंतर किती वर्षांनी आणि कुणाच्या हातून कागदावर उतरला, हे आधी विचारावं.

सुरुवात 'जोसेफ स्मिथ पेपर्स'च्या संकेतस्थळापासून करा. या प्रकल्पाचे २७ छापील खंड २००८ ते २०२३ या काळात निघाले. संकेतस्थळावर मूळ पानांची छायाचित्रं आणि त्यांचं अक्षरशः केलेलं लिप्यंतर फुकट मिळतं. एखादा कागद उघडलात की थेट मजकुरावर उडी मारू नका. आधी त्याची 'सोर्स नोट' वाचा. हस्ताक्षर कुणाचं, कागद कुठे कुठे फिरला, प्रत मूळ की नक्कल, हे तिथे असतं. मग ऐतिहासिक प्रस्तावना, मग मजकूर. खोडलेले आणि वर घुसडलेले शब्द लिप्यंतरात दाखवलेले असतात, त्यांच्यावरून नजर घसरू देऊ नका. प्रकल्प चर्चचाच आहे, तेव्हा प्रस्तावना आणि टिपा हा अर्थ लावण्याचा भाग समजा. लिप्यंतर मात्र शेजारच्या छायाचित्रावरून तुम्हाला स्वतः पडताळता येतं.

हे कसं उपयोगी पडतं ते एका ओळीत पाहा. 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' या प्रकटीकरणांच्या ग्रंथाच्या आठव्या विभागात, १८२९ च्या प्रकटीकरणात, स्मिथचा लेखनिक ऑलिव्हर काउडरीला 'आरोनचं दान' मिळाल्याचा उल्लेख आहे. १८३३ च्या 'बुक ऑफ कमांडमेंट्स'मध्ये, म्हणजे याच ग्रंथाच्या आधीच्या रूपात, त्याच जागी 'काठीनं काम करण्याचं दान' असं छापलंय, आणि त्याआधीच्या हस्तलिखित वहीत मूळ शब्द 'काठी'च्या ऐवजी 'कोंब' असा आहे. 'आरोन' आला १८३५ च्या आवृत्तीत. आजची प्रत हाताशी घेऊन काठीनं गुप्त गोष्टी शोधण्याच्या १८२९ मधल्या लोकसमजुतींबद्दल लिहाल तर नेमका तोच धागा हातातून सुटेल. म्हणून प्रकटीकरणांबाबत क्रम असा ठेवा: हस्तलिखित वही, १८३३, १८३५, मग आजची आवृत्ती. चारही मजकूर एकमेकांशेजारी उघडून फरक वहीत उतरवा.

आवृत्तीचं साल न लिहिल्यानं आणखी एक घोळ होतो. १८३५ च्या आवृत्तीत एकपत्नीत्व सांगणारा विवाहाचा विभाग (क्रमांक १०१) होता. १८७६ साली तो काढून बहुपत्नीत्वावरचा १३२ वा विभाग घातला गेला. हा विभाग लिहून घेतला गेला १८४३ मध्ये, जाहीर झाला १८५२ मध्ये. शिवाय 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' या दुसऱ्या शाखेच्या ग्रंथात विभागांचे क्रमांक वेगळे आहेत. तेव्हा टिपणात नुसता 'विभाग १०१' लिहू नका, शाखा आणि साल दोन्ही जोडा.

सगळ्यात जास्त फसवतो तो सात खंडांचा 'हिस्टरी ऑफ द चर्च'. भाषा 'मी', 'माझा', जणू जोसेफ स्मिथची रोजनिशीच. प्रत्यक्षात १८४४ मध्ये त्याचा खून झाला तेव्हा हे कथन जेमतेम ऑगस्ट १८३८ पर्यंत पोहोचलं होतं. पुढचं सगळं कारकुनांनी १८५६ पर्यंत पुरं केलं, तेही इतरांच्या रोजनिश्यांतला तृतीयपुरुषी मजकूर प्रथमपुरुषी करून. त्यामुळे या पुस्तकातलं वाक्य उद्धृत करण्याआधी मागची नोंद शोधा आणि तिचाच हवाला द्या.

भाषणांचंही तसंच. स्मिथचं ७ एप्रिल १८४४ चं 'किंग फॉलेट' प्रवचन बुलक, क्लेटन, रिचर्ड्स आणि वुडरफ या चौघांनी टिपलं. प्रचलित पाठ ही टिपणं एकत्र करून तयार झाला आहे, त्यामुळे एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा करायचा असेल तर तो चौघांपैकी किती जणांकडे आहे ते मोजा. 'जर्नल ऑफ डिस्कोर्सेस' या नंतरच्या नेत्यांच्या भाषणसंग्रहाच्या २६ खंडांतली भाषणंही छापण्याआधी संपादित झाली. जिथे मूळ लघुलिपीचं नवं लिप्यंतर उपलब्ध आहे तिथे छापील पाठाशी त्याचा फरक पडतो, आणि कधी तो मोठा असतो.

१९८० ते १९८६ या काळातलं पुस्तक किंवा लेख वापरायचा असेल तर एक तपासणी सक्तीची समजा. मार्क हॉफमननं १९८० ते १९८५ दरम्यान बनावट कागद विकले, आणि ते उघड होऊ नये म्हणून १९८५ मध्ये बॉम्बनं दोघांचा जीव घेतला. १९८७ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. स्मिथचा सुरुवातीचा अनुयायी मार्टिन हॅरिस याच्या नावावरचं 'सॅलॅमँडर पत्र', 'बुक ऑफ मॉर्मन'च्या मूळ अक्षरांची नक्कल म्हणून १९८० मध्ये 'सापडलेला' अँथन उतारा, दोन्ही त्याच्याच हातचे. असा हवाला दिसला की त्यावर उभा असलेला पूर्ण परिच्छेद बाद करा. पुस्तकाचा बाकी भाग चांगला असू शकतो.

विरोधकांची जुनी साधनं टाकून देऊ नका, पण त्यांचीही उलटतपासणी करा. १८३४ च्या 'मॉर्मनिझम अनव्हेल्ड'मधली स्मिथच्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं डॉक्टर फिलॅस्टस हर्लबटनं गोळा केली. ('डॉक्टर' ही पदवी नाही, त्याचं नावच ते!) तो चर्चमधून काढून टाकलेला माणूस होता, आणि अनेक प्रतिज्ञापत्रांची शब्दरचना संशयास्पदरीत्या सारखी आहे. तरीही ती घटनांपासून फार लांबची नाहीत. साक्षीदारानं काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे वेगळं काढा. उलट बाजूनं, १८२० च्या 'प्रथम दर्शना'चा, म्हणजे स्मिथला देव दिसल्याच्या प्रसंगाचा, त्यानं लिहिलेला सर्वांत जुना वृत्तांतही १८३२ चा आहे, म्हणजे बारा वर्षांनंतरचा. निकष दोघांना एकच लावा.

स्मिथच्या आधुनिक चरित्रांपैकी फॉन ब्रोडी (१९४५) आणि रिचर्ड बुशमन (२००५) यांची जोडीनं वाचा आणि एकाच प्रसंगाच्या तळटिपा ताडून पाहा. त्यानंतर 'जर्नल ऑफ मॉर्मन हिस्टरी', 'डायलॉग' आणि 'बीवाययू स्टडीज' यांच्या जुन्या अंकांकडे वळा. शोधताना 'मॉर्मन', 'एलडीएस' आणि 'लॅटर-डे सेंट्स' तिन्ही शब्द वापरा. चर्चनं २०१८ पासून 'मॉर्मन' हा शब्द टाळायला सांगितल्यामुळे एकाच शब्दानं नवं किंवा जुनं यांपैकी एक काहीतरी निसटतं.

सिद्धान्ताचा हिशेब निराळा, कारण तिथे जुना कागद श्रेष्ठ ठरेलच असं नाही. आज चर्च काय शिकवतं हे पाहायचं तर चार प्रमाणग्रंथ (बायबल, 'बुक ऑफ मॉर्मन', 'डॉक्ट्रिन अँड कॉव्हेनंट्स' आणि 'पर्ल ऑफ ग्रेट प्राइस'), प्रथम अध्यक्षमंडळाची (चर्चच्या सर्वोच्च मंडळाची) निवेदनं, एप्रिल-ऑक्टोबरच्या अधिवेशनांतली भाषणं आणि २०२० पासून सर्वांना खुली असलेली 'जनरल हँडबुक' पाहा. अवघड विषयांवर चर्चच्या संकेतस्थळावरचे 'गॉस्पेल टॉपिक्स' निबंध आहेत. त्यांच्या तळटिपा मजकुराइतक्याच कामाच्या. एखाद्या नेत्याचं स्वतःचं पुस्तक यांच्या रांगेत बसवू नका. ब्रूस मॅकॉन्कीचं 'मॉर्मन डॉक्ट्रिन' (१९५८) नावावरून अधिकृत वाटतं, पण ते तसं कधीच नव्हतं. वरिष्ठांनीच त्यावर आक्षेप घेतले होते. १९७८ मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद खुलं झाल्यावर त्यातला त्या विषयावरचा मजकूरही बदलावा लागला.