कॅटनंतर सीईटी देताना सवय कशी बदलावी

नागपुरात एमबीएची तयारी करणारी बरीच मुले नोव्हेंबरअखेर कॅट, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांची देशपातळीवरील प्रवेश परीक्षा, देतात आणि त्याच अभ्यासावर पुढे राज्याच्या सीईटी कक्षाची एमबीए प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटीही देतात. अभ्यासक्रम बराचसा सारखा असला, तरी या दोन परीक्षांचा स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट आहे, आणि हे वेळीच ध्यानात न आल्यामुळे मी स्वतः सीईटीत जवळपास वीस प्रश्न कोरे ठेवून बाहेर पडलो होतो.

कॅटमध्ये तीन विभाग असतात. प्रत्येकाला 40 मिनिटे मिळतात आणि संपलेल्या विभागाकडे परत जाता येत नाही. बरोबर उत्तराला 3 गुण मिळतात आणि बहुपर्यायी प्रश्न चुकल्यास 1 गुण कापला जातो, त्यामुळे चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडल्यास सरासरीने हाती शून्यच येते. किमान एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज बांधावा. अन्यथा प्रश्न सोडून द्यावा. मिहानमधल्या आपल्या आयआयएम नागपूरसाठी हीच परीक्षा लागते, सीईटी चालत नाही.

सीईटीत मात्र 200 प्रश्न आणि 150 मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. त्यांतले 100 प्रश्न तर्काचे असून त्यांपैकी 25 आकृत्यांचे असतात, तर गणित आणि इंग्रजीचे प्रत्येकी 50. चुकीला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा ठेवू नये.

डिसेंबरपासून सरावाची पद्धत बदलावी. कॅटच्या पडद्यावरील कॅल्क्युलेटरची सवय आधी मोडावी आणि शेकडेवारी अपूर्णांकांत पाठ करावी. 480 चे 37.5 टक्के काढताना गुणाकार मांडत बसू नये; 37.5 टक्के म्हणजे तीन अष्टमांश, 480 चा आठवा भाग 60, त्याची तिप्पट 180, एवढे दहा सेकंदांत व्हायला हवे. आकृत्यांचे वीस प्रश्न रोज सोडवावेत, कारण कॅटच्या तयारीत त्यांच्याकडे कुणी फिरकतही नाही. मॉक म्हणजे सराव परीक्षा देताना पहिल्या फेरीत सोपे प्रश्न उरकावेत, रेंगाळणारे पुढच्या फेरीसाठी ठेवावेत आणि शेवटची पाच मिनिटे उरलेल्या प्रश्नांच्या उत्तरांवर अंदाजाने खुणा करण्यासाठी राखावीत. ही पाच मिनिटे मॉकमध्येच पाळली नाहीत, तर परीक्षेत ती सापडत नाहीत.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असल्यास जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्रांचे अर्ज निकालाची वाट न पाहता आताच करून ठेवावेत. कॅप, म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश फेरी, सुरू झाल्यावर सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहण्याइतका वेळ हाताशी नसतो.