एकविसाव्या शतकातील आवडत्या चित्रपटांची सामूहिक क्रमवारी कशी लावावी

चित्रपटांवर मनापासून प्रेम करणारी वीस-पंचवीस माणसे एकत्र आली की ‘आपल्या सर्वांची मिळून एक यादी करू या’ ही कल्पना कधी ना कधी पुढे येतेच. मते गोळा होतात, बेरीज होते, पहिला क्रमांक जाहीर होतो आणि त्यानंतरचे पंधरा दिवस वाद चित्रपटांवर न होता मोजणीवर होतो. अशा तीन क्रमवाऱ्यांची मोजणी मी स्वतः केली आहे आणि त्यांतून माझी खात्री झाली आहे की गुण देण्याची पद्धत हेही एक मतच असते. म्हणून ती पहिली मतपत्रिका हाती येण्यापूर्वी ठरवून सर्वांना लेखी कळवली पाहिजे.

सर्वांत आधी काळाची सीमा आखून घ्यावी. बीबीसीने 2016 मध्ये 36 देशांतील 177 समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातील उत्तम चित्रपटांची यादी करून घेतली, तेव्हा काटेकोर गणनेने विसाव्या शतकात मोडणारे 2000 हे वर्षही तिच्यात धरले होते. तसे धरले नसते, तर ‘इन द मूड फॉर लव्ह’ हा 2000 मध्ये कान महोत्सवात प्रथम दाखवला गेलेला आणि त्या यादीत दुसरा आलेला चित्रपट यादीत आलाच नसता. एका वर्षाच्या निर्णयाने दुसरा क्रमांक बदलतो, हे ध्यानात घेऊन ‘2000 किंवा त्यानंतर’ असे स्पष्ट लिहावे. महोत्सवातला पहिला खेळ आणि चित्रपटगृहांतले प्रदर्शन यांत कधीकधी वर्षाचे अंतर पडते आणि चित्रपटगृहांतली तारीख देशागणिक वेगळी असते. म्हणून जगात कुठेही झालेल्या पहिल्या जाहीर खेळाचे वर्ष प्रमाण मानणे मला सर्वांत सोयीचे वाटते.

माहितीपट, लघुपट आणि मालिका यांविषयीचा निर्णय एका वाक्यात होतो. खरी अडचण भागांची असते. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाने 2002 मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या मतदानात ‘द गॉडफादर’च्या पहिल्या दोन भागांची मते एकत्र मोजली गेली आणि ते मिळून चौथे आले. 2012 मध्ये प्रत्येक भागाची मते स्वतंत्र धरली गेली आणि दोन्ही भाग पहिल्या दहांतून बाहेर पडले. चित्रपट तेच होते, बदलला होता तो नियम. माझ्या मते प्रत्येक भाग स्वतंत्र मोजावा. अपवाद फक्त अशा कृतींचा, ज्या एकच चित्रपट म्हणून घडल्या आणि केवळ लांबीमुळे दोन भागांत दाखवल्या गेल्या. 2012 चा ‘गँग्ज ऑफ वासेपूर’ या प्रकारातला आहे. असे अपवाद मतदानापूर्वीच नावानिशी जाहीर करावेत, म्हणजे कोणाच्या मतपत्रिकेतली एक जागा वाया जाणार नाही.

आता प्रत्येकाने किती नावे द्यायची, हा प्रश्न. ‘साइट अँड साउंड’ दहा नावे मागते, त्यांना क्रम लावत नाही आणि प्रत्येक नावाला एक मत धरते. 2022 मध्ये तिथे 1,639 मतदार होते, त्यामुळे दहा नावे पुरेशी ठरतात. वीस जणांच्या गटात मात्र दहा नावे मागितली तर एकूण दोनशेच मते पडतात आणि ती शंभराहून अधिक चित्रपटांवर विखुरली जाऊ शकतात. मग पहिले पाच-सहा क्रमांक सोडले तर खालची सगळी यादी दोन-दोन मतांच्या बरोबरीने भरते. म्हणून गट जितका लहान, तितकी मतपत्रिका लांब असावी. पंचवीस नावे मागावीत, मात्र ज्यांना पंधराच सुचतात त्यांचीही मतपत्रिका स्वीकारावी, कारण केवळ जागा भरण्यासाठी लिहिलेले नाव निकाल बिघडवते.

मोजणीची सर्वांत परिचित रीत म्हणजे दहा नावांच्या यादीत पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ आणि असे उतरत जाणे. फ्रेंच गणिती बोर्दा याने अठराव्या शतकात निवडणुकांसाठी सुचवलेल्या पद्धतीचे हे रूप आहे. तिचा स्वभाव समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. एका चित्रपटाला तिघांनी पहिले स्थान दिले आणि इतर कोणीही त्याचे नाव घेतले नाही. दुसऱ्याला सहा जणांनी सहावे स्थान दिले. दोघांचेही गुण तीस होतात. क्रम न पाहता फक्त मते मोजली, तर दुसरा चित्रपट सहा विरुद्ध तीन असा पुढे जातो. आणि पहिल्या स्थानाला पंधरा गुण ठेवले, तर पहिला पंचेचाळीस गुण मिळवून पुढे निघून जातो. यांतला कोणताही निकाल चुकीचा नाही. थोड्यांच्या उत्कट प्रेमाला महत्त्व द्यायचे की अनेकांच्या शांत पसंतीला, हे गटाने ठरवायचे आहे.

मी अनेक रीती करून पाहिल्यावर पायऱ्यांच्या गुणांवर स्थिरावलो आहे : पंचवीसपैकी पहिल्या पाचांना प्रत्येकी तीन गुण, पुढच्या दहांना दोन आणि उरलेल्या दहांना एक. याचे कारण असे की आपले सर्वांत जिव्हाळ्याचे पाच चित्रपट कोणते, हे माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो. परंतु तेरावा चित्रपट चौदाव्यापेक्षा का सरस, याचे उत्तर कोणापाशीच नसते आणि त्या फरकाला गुण देणे म्हणजे नसलेल्या अचूकतेला किंमत देणे होय. गुण समान झाले तर ज्याला अधिक मतदार मिळाले तो वर ठेवावा, तेही समान असतील तर क्रमांक विभागून द्यावा, आणि तिघांहून कमी मतदारांनी निवडलेला चित्रपट मुख्य यादीत घेऊ नये.

काही गट नावे न मागता प्रत्येक चित्रपटाला दहापैकी गुण द्यायला सांगतात आणि सरासरी काढतात. या पद्धतीत चारच जणांनी पाहिलेला चित्रपट सहज शिखरावर जातो. त्यावर उपाय असा की प्रत्येक चित्रपटाच्या खात्यात सर्व चित्रपटांच्या सरासरीइतके गुण देणारी काही काल्पनिक मते आधीच जमा धरावीत. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाच्या पहिल्या अडीचशे चित्रपटांच्या यादीमागेही याच जातीचे सूत्र आहे. समजा, सर्व चित्रपटांची सरासरी 7 आहे आणि अशी दहा मते आपण धरली. चौघांनी 9 गुण दिलेल्या चित्रपटाची सुधारित सरासरी 106 भागिले 14, म्हणजे सुमारे 7.57 येते; तीस जणांनी 8 गुण दिलेल्या चित्रपटाची 310 भागिले 40, म्हणजे 7.75. अशा रीतीने अनेकांनी पारखलेला चित्रपट पुढे राहतो.

मतपत्रिकेत चित्रपटाच्या नावाबरोबर दिग्दर्शक आणि वर्ष लिहायला सांगावे. ‘देवदास’ 1935, 1955 आणि 2002 या तिन्ही वर्षांचा आहे. उलट ‘स्पिरिटेड अवे’ आणि ‘सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी’ ही एकाच जपानी चित्रपटाची दोन नावे आहेत आणि मोजणाऱ्याच्या तक्त्यात ती दोन वेगळ्या ओळींत जाऊन बसतात. मुदत संपेपर्यंत कोणाचीही मतपत्रिका उघड करू नये, कारण आधीच्या चार याद्या पाहिल्यावर पाचवा माणूस नकळत त्यांच्याशी जुळवून घेतो. पहिल्या पाच चित्रपटांपुढे प्रत्येकी एक वाक्याचे कारण मात्र अवश्य मागावे. पुढे चर्चेत त्याचा मोठा उपयोग होतो.

शक्य असेल तर मतदान दोन टप्प्यांत घ्यावे. पहिल्या टप्प्यात प्रत्येकाने इतरांनी पाहावेत असे तीन चित्रपट सुचवावेत, नंतर दोन-तीन महिने पाहण्यासाठी द्यावेत आणि मग अंतिम मतपत्रिका मागवाव्यात. त्याच वेळी सुचवलेल्या सर्व चित्रपटांची एक यादी फिरवून कोणी काय पाहिले आहे, याच्या खुणा करून घ्याव्यात. या खुणांचे मोल मला दुसऱ्या क्रमवारीनंतर उमगले. आमच्या गटातल्या एकीने पहिल्या स्थानी ठेवलेला चित्रपट निकालात कुठेच नव्हता, आणि तो कोणाला आवडला नाही असे समजून ती खंतावली होती. प्रत्यक्षात तो तिच्याखेरीज दोघांनीच पाहिला होता. न पाहणे आणि न आवडणे यांतला हा फरक साध्या बेरजेत पुसला जातो. म्हणून मुख्य यादीसोबत दुसरा तक्ता द्यावा, ज्यात पाहणाऱ्यांपैकी किती जणांनी निवडले हे दिसेल. सहांपैकी पाच जणांनी निवडलेला चित्रपट चोविसांपैकी नऊ जणांनी निवडलेल्या चित्रपटापेक्षा तिथे बराच वर येतो, आणि पुढे काय पाहावे याचे उत्तर बहुतेकांना याच तक्त्यात सापडते.

निकाल खालून वर, थोड्या-थोड्या नावांनी जाहीर करावा. प्रत्येक चित्रपटाविषयी प्रथम ज्याने त्याला सर्वांत वरचे स्थान दिले त्याला बोलू द्यावे, आणि लगेच ज्याने तो पाहूनही निवडला नाही त्याला. ‘हा इतक्या वर कसा?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘तुला त्यातले कोणते दृश्य आठवते?’ या प्रश्नाला असते. कोणी अगदी ताज्या चित्रपटाच्या उच्च क्रमांकावर आक्षेप घेईल. त्यात तथ्य आहे : 1958 चा ‘व्हर्टिगो’ 1982 मध्ये प्रथमच ‘साइट अँड साउंड’च्या पहिल्या दहांत आला आणि 2012 मध्ये पहिला ठरला. पण त्याच मासिकाच्या 1952 च्या पहिल्या मतदानात केवळ चार वर्षांपूर्वीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ अव्वल आला होता. त्यामुळे नव्या चित्रपटांना वगळू नये. मागच्या दोन वर्षांतल्या नावांपुढे खूण करावी आणि पुढच्या वेळी ती कुठे राहतात ते पाहावे.

त्यासाठी सर्व मतपत्रिका जपून ठेवाव्यात आणि तीन ते पाच वर्षांनी त्याच नियमांनी पुन्हा मतदान घ्यावे. 2012 मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांच्या मतदानात पहिल्या तिसांतही नसलेला शांताल आकेरमान यांचा 1975 चा ‘जान दीलमान’ 2022 मध्ये पहिला आला. त्या दहा वर्षांत मतदारांची संख्या 846 वरून जवळपास दुप्पट झाली होती. म्हणून दोन क्रमवाऱ्यांची तुलना करताना दोन्ही वेळा मत देणाऱ्यांची बेरीज वेगळी काढावी, म्हणजे कोणता बदल आवडीत झाला आणि कोणता नव्या सदस्यांमुळे दिसतो, हे वेगवेगळे पाहता येईल.